मागणारे प्रेम : स्वतःला कमी लेखणारी माणसे आणि चार चित्रपट

न्यूनगंड हा शब्द आपल्या बोलण्यात फार स्वस्त झाला आहे. चारचौघांत न बोलणारा मुलगा, लग्नघरी फोटो काढताना मागच्या रांगेत सरकणारी मुलगी, जेवणाची स्तुती होताच ‘आज मीठच जास्त पडलंय’ म्हणणारी सून, या सर्वांना आपण तो सहज चिकटवतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. परंतु ज्यांच्या घरात असे माणूस आहे आणि ज्यांचे त्या माणसावर जिवापाड प्रेम आहे, त्यांना पुढच्या विषयाकडे वळता येत नाही. त्यांचा रोजचा अनुभव असा की, स्तुती आत पोहोचतच नाही. ‘तू हुशार आहेस’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटते, हे आपले मन राखण्यासाठी बोलत आहेत. ‘तू मला हवी आहेस’ म्हटले, तर तिला वाटते, याला आपण अजून पुरते कळलेलो नाही. कळलो की हा निघून जाईल. प्रेम करणारा समजावून समजावून थकतो, एक दिवस चिडतो, आणि त्याच्या त्या चिडण्यात समोरच्याला आपल्या नालायकीचा आणखी एक पुरावा सापडतो.

या प्रेमाचे शिक्षण आपल्याला फारसे कोठे मिळत नाही. विवाहपूर्व शिबिरांत संसाराच्या जमाखर्चाविषयी, सासरच्या माणसांविषयी, मुलांच्या संस्काराविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे; परंतु आपण ज्याच्याशी लग्न करणार आहोत त्याला स्वतःविषयीच तिटकारा असेल तर काय, हा प्रश्न सहसा निघत नाही. कथा-कादंबऱ्यांत तो सापडतो. चित्रपटांत तो अधिक ठसठशीतपणे सापडतो, कारण न्यूनगंड हा शब्दांपेक्षा चेहऱ्यावर, खांद्यांच्या वाकण्यात, नजर चुकवण्यात आधी दिसतो आणि कॅमेऱ्याला ते टिपता येते. येथे आम्ही चार चित्रपटांचा विचार करणार आहोत. दोन अमेरिकन, एक इटालियन आणि एक हिंदी, पण मराठी लेखिकेने घडविलेला. चारही जुने आहेत. त्यांपैकी दोन, ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आणि ‘ला स्त्रादा’, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ४५ चित्रपटांच्या यादीत होते. पहिला मूल्यांच्या विभागात, दुसरा कलेच्या. ही विभागणी आम्हास थोडी गमतीची वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी शुभवर्तमानातील दोन प्रसंगांची आठवण करून द्यावीशी वाटते. जक्कय हा ठेंगणा जकातदार. सारे गाव त्याला पापी म्हणते आणि बहुधा त्याचे स्वतःचेही मत वेगळे नसावे. प्रभू येशू त्या उंबराच्या झाडाखाली थांबतो तेव्हा तो जक्कयाची स्तुती करीत नाही, ‘तू मनाने चांगला आहेस’ असे सांगत नाही. तो त्याच्या घरी पाहुणचार मागतो. शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर येते. तिच्याशी बोलण्याची सुरुवात तो पाणी मागून करतो. दोन्ही ठिकाणी, ज्याला आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही असे वाटते त्याच्याकडेच हात पसरला जातो. आमच्या मते या प्रेमाची गुरुकिल्ली तेथे आहे. मात्र ही किल्ली चुकीच्या हाती पडली तर तिने दार उघडण्याऐवजी बंदही होते, आणि हे आम्हाला प्रवचनांपेक्षा या चित्रपटांनी अधिक स्पष्टपणे दाखविले.

फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ १९४६ सालचा. नाताळच्या सुमारास तो जगभर पुन्हा पुन्हा दाखविला जातो, त्यामुळे तो एक गोड, देवदूताची, घंटा वाजण्याची गोष्ट आहे असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग काळोखा आहे. जॉर्ज बेली (जेम्स स्ट्युअर्ट) या माणसाला गाव सोडून जग पाहायचे असते. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची छोटी गृहकर्ज संस्था बुडू नये म्हणून तो थांबतो, भावाच्या शिक्षणासाठी थांबतो, आणि थांबता थांबता त्याचे आयुष्य तेथेच सरते. नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८,००० डॉलर हरवतात. गावातला धनदांडगा पॉटर त्याला तोंडावर ऐकवतो की, विम्याच्या रकमेकडे पाहता तू जिवंतपणापेक्षा मेलेला अधिक मोलाचा आहेस. जॉर्ज घरी येऊन मुलांवर ओरडतो, मुलीच्या शिक्षिकेला फोनवर वाटेल ते बोलतो, आणि शेवटी एका पुलाच्या कठड्याशी जाऊन उभा राहतो.

येथे जे घडते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. क्लॅरेन्स नावाचा देवदूत जॉर्जला हात धरून मागे ओढत नाही, जीवनाचे मोल समजावत नाही. तो स्वतःच नदीत उडी घेतो आणि वाचवा म्हणून ओरडतो. मरायला निघालेला जॉर्ज त्याला वाचवण्यासाठी पाण्यात झेपावतो. मागणाऱ्या प्रेमाचे इतके नेटके चित्र आम्ही पडद्यावर दुसरे पाहिलेले नाही.

तरीही एवढ्यावर थांबले तर जॉर्जचे दुखणे आपल्या हाती लागत नाही. त्याच्याकडे आयुष्यभर सारे मागतच आले होते. त्याची स्वतःविषयीची सगळी किंमत इतरांच्या उपयोगी पडण्यावर उभी होती. ज्या दिवशी उपयोग संपला असे वाटले त्या दिवशी किंमतही शून्य झाली. आपल्या घरांतले थोरले मुलगे, थोरल्या मुली यांच्याकडे पाहिले तर जॉर्ज बेली अनेक ठिकाणी सापडतील. अशा माणसाची पत्नी काय करते? जॉर्ज दाराबाहेर पडल्यावर मुले विचारतात की बाबा अडचणीत आहेत का, आम्ही प्रार्थना करू का. मेरी (डोना रीड) त्यांना मनापासून प्रार्थना करायला सांगते आणि त्याच पावली जाऊन फोन उचलते. प्रार्थना आणि फोन यांमध्ये तिला विरोध दिसत नाही. ती गावभर सांगते की जॉर्ज संकटात आहे. नवऱ्याची लाज झाकून ठेवणे म्हणजे पातिव्रत्य अशी जी समजूत आपल्याकडे आहे, तिच्या नेमके विरुद्ध ती वागते, आणि त्यामुळेच तो वाचतो. शेवटी लोक पैसे आणून टेबलावर ओततात तेव्हा स्ट्युअर्टच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर एक अवघडलेपणही दिसते. देणाऱ्याला घेणे जड जाते. आयुष्यात प्रथमच त्याच्याकडून कोणी काही मागत नाही.

पुलाच्या कठड्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट म्हणून ठेवू. आत्महत्येचा विचार मनात येणे हे पूर्वी आपल्या घरांत केवळ पाप म्हणून दडवले जाई. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्येला गंभीर अपराध म्हणतानाच, तीव्र मानसिक व्याधी किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते हेही मान्य केले आहे आणि अशा मृतांसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते असे सांगितले आहे. चित्रपट हे औषध नव्हे. घरातील माणूस त्या कठड्याशी पोहोचला असेल तर मेरीप्रमाणे आधी फोन उचलावा. भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६.

‘मार्टी’ (१९५५) हा आमच्या चौघांतील सर्वांत साधा आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी चित्रपट. दिग्दर्शक डेल्बर्ट मान, लेखक पॅडी चायेफ्स्की. मुळात ते १९५३ सालचे दूरचित्रवाणी नाटक. चित्रपट झाल्यावर त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले आणि कान महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिकही. तरीही आज तो फारसा कोणी पाहत नाही. त्याला कारण त्याचा लहानखुरा आकार. दीड तासाचा, कृष्णधवल, आणि घडते काय तर एक खाटीक एका शिक्षिकेला भेटतो.

मार्टी (अर्नेस्ट बोर्गनाइन) न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, इटालियन वंशाचा, रविवारी न चुकता मिस्साला जाणारा, ३४ वर्षांचा अविवाहित माणूस. धाकटी भावंडे सगळी उजवली आहेत. दुकानात मटण घ्यायला आलेली प्रत्येक बाई पैसे देता देता विचारते, तू कधी लग्न करणार, तुला लाज कशी वाटत नाही? आमच्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नसराईत मंडपाखाली तो दर वर्षी घडतो. विशेष हे की त्या बायका दुष्ट नाहीत. त्या आपुलकीने विचारतात. न्यूनगंड बहुधा अपमानाने होत नाही, अशा आपुलकीनेच थेंबाथेंबाने साचतो.

एका संध्याकाळी मार्टी एका मुलीला फोन करून सिनेमाला येतेस का असे विचारतो. पलीकडून काय बोलले जाते ते आपल्याला ऐकू येत नाही. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकतो, तो नकार ऐकत राहतो आणि डोळे मिटतो. बोर्गनाइनने त्या वर्षीचे अभिनयाचे पारितोषिक बहुधा त्या मिटलेल्या डोळ्यांवरच मिळविले असावे. त्यानंतर आई त्याला नाचघरात जाण्याचा आग्रह करते तेव्हा तो तिच्यावर उसळतो. आपण कुरूप, जाड माणूस आहोत, बायकांना आपल्यात काही दिसत नाही, हे एकदा कबूल कर आणि मला सोड, असे तो म्हणतो. ज्या आईने हे ऐकले ती काय उत्तर देणार? चायेफ्स्कीने तिला उत्तर दिलेले नाही. ती फक्त जेवण वाढते.

नाचघरात क्लारा (बेट्सी ब्लेअर) आहे. २९ वर्षांची, शाळेत रसायनशास्त्र शिकविणारी. तिला घेऊन आलेल्या तरुणाला ती पसंत पडत नाही आणि तो मार्टीला पाच डॉलर देऊ करतो, हिला घरी सोड म्हणून. मार्टी नकार देतो. नंतर ती गच्चीवर एकटी रडत असलेली त्याला दिसते. तो जवळ जाऊन सांत्वन करीत नाही; माझ्याबरोबर नाचाल का, एवढेच विचारतो. मार्टीला स्वतःलाही जोडीदार हवाच आहे, आणि म्हणूनच त्या विचारण्यात भीक घालण्याचा वास नाही.

पुढचा बराच वेळ मार्टी बोलतच राहतो. स्वतःलाच आश्चर्य वाटावे इतका. तो तिला सांगतो की, एके काळी भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभे असताना रूळ आपल्याला खाली ओढत आहेत असे वाटे. आपण कॅथलिक, हा विचारसुद्धा पाप, हे ठाऊक असूनही. क्लारा यावर काय म्हणते? मला माहीत आहे, एवढेच. असे बोलू नये म्हणत नाही, देवाने दिलेले आयुष्य वगैरे सांगत नाही. त्या दोनतीन शब्दांत तिने आपला स्वतःचाही फलाट त्याला दाखविला आहे. मग तो तिच्यापुढे आपला व्यवहाराचा प्रश्न ठेवतो : मालकाचे दुकान विकत घ्यावे की नाही? ती विचार करून मत देते. तिला दुसऱ्या गावी बढतीची नोकरी मिळण्याजोगी आहे पण आईवडिलांना सोडण्याचा धीर होत नाही, हे ती सांगते. तो मत देतो. जगाने टाकाऊ ठरविलेली दोन माणसे एकमेकांचा सल्ला मागत आहेत, एवढाच हा प्रणयप्रसंग. पण कोणाचा सल्ला खरोखरीच मागणे म्हणजे त्याच्या बुद्धीवर, त्याच्या असण्यावर विश्वास टाकणे. ‘तू हुशार आहेस’ या वाक्याला जे साधत नाही ते याने साधते.

चित्रपटाचा उत्तरार्ध आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, कारण तो आपल्या कुटुंबांवर, मित्रमंडळावर बोट ठेवतो. मुलाच्या लग्नासाठी देवाला साकडे घालणारी आई, मुलगी प्रत्यक्ष घरी आल्यावर तिच्यात खोडी काढू लागते. ती आपल्यातली नाही, वयाने मोठी दिसते. तिच्या बहिणीला सुनेच्या घरातून निघावे लागले आहे आणि उद्या आपलीही तीच गत होईल ही तिची भीती आहे. मित्र म्हणतात, ती दिसायला अगदीच बेताची. मार्टीने रविवारी दुपारी फोन करण्याचा शब्द दिलेला असतो. तो करीत नाही. क्लारा आईवडिलांबरोबर दूरचित्रवाणीसमोर बसून मूकपणे अश्रू ढाळते. ज्याने नकाराचे डोळे मिटले होते तोच आता दुसऱ्याला नकार देतो आहे. न्यूनगंडाचा हा स्वभाव आम्ही अनेकदा पाहिला आहे : ज्याला स्वतःची किंमत वाटत नाही, तो आपल्यावर प्रेम करणाऱ्याची किंमतही बाजारभावाने ठरवू लागतो. अखेरीस मार्टीला आपल्या मित्रांचे तेच ते रिकामे संभाषण असह्य होते आणि तो फोनच्या खोक्यात शिरतो. क्लाराचे उत्तर आपल्याला ऐकवले जात नाही. सुरुवातीच्या फोनचे पलीकडचे बोलणेही ऐकवले नव्हते, हे येथे सहज लक्षात येते.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) हा विषय उलट बाजूने हाताळतो. देणाऱ्याचे काय चुकते, याचा इतका प्रामाणिक विचार भारतीय पडद्यावर क्वचित झाला असेल. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथा आणि अभिनेता असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले; चित्रण दिल्लीच्या एका अंधशाळेत, तेथल्या प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसह झाले. अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) हा अंध मुख्याध्यापक, करारी, नर्म विनोद करणारा. कविता (शबाना आझमी) ही तरुण विधवा. ती शाळेत मुलांना गाणी, गोष्टी शिकवू लागते, दोघे जवळ येतात, साखरपुडा होतो.

या दोघांच्या परिचयाच्या सुरुवातीचा एक छोटा प्रसंग सगळ्या चित्रपटाचे बीज आहे. तो आपल्या कार्यालयात तिला कॉफी देत असतो आणि ती मदतीला हात पुढे करते. तो संतापतो. पाहणाऱ्याला प्रथम वाटते, एवढे काय झाले? पण क्षणभर त्याच्या जागी बसून पाहावे. यजमान होण्याचा, पाहुण्याला काही देण्याचा मान त्याच्याकडून नकळत काढून घेतला गेला आहे. जक्कयाकडे जेवायला जाऊन पाहुण्याने स्वतःच पंगत वाढायला घेतली असती तर जक्कयाचे काय झाले असते, असा विचार आमच्या मनात आला.

साखरपुड्यानंतर अनिरुद्धच्या मनात संशय शिरतो. एका अंध सहकाऱ्याच्या (ओम पुरी) संसाराची दुःखी हकीकत त्याने ऐकलेली असते. कविता आपल्यावर प्रेम करते की पतीच्या मृत्यूने पडलेली पोकळी एका पुण्यकृत्याने भरते? आपण तिचे प्रियकर की तिचा त्याग? तो लग्न मोडतो, आणि कारणही नीट सांगत नाही. अनेक समीक्षकांनी याला त्याचा अहंकार म्हटले. तो आहेच, न्यूनगंड आणि अहंकार ही एकाच घरातली भावंडे. परंतु त्याचा प्रश्न खोटा नाही. आपल्या ख्रिस्ती परंपरेत त्यागाला फार मोठे स्थान आहे आणि ते असावेच. पण ज्याच्यासाठी त्याग केला जातो त्याला रोज त्या त्यागाच्या ओझ्याखाली जगावे लागते, हे त्याग करणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. ‘तुझ्यासाठी मी काय काय केलं’ हे न उच्चारताही घरभर ऐकू येते. ‘स्पर्श’चे मोठेपण असे की, कवितेला तो संत ठरवीत नाही. तिला अनिरुद्धची, त्या मुलांची, त्या शाळेची गरज आहे; तिचे स्वतःचे थिजलेले आयुष्य तेथे सुरू होते. शेवटाकडे ही गोष्ट दोघांनाही पटते तेव्हाच वाट मोकळी होते. आमची एक तक्रार मात्र आहे. हा शेवट थोडा घाईने येतो; ज्या संशयाने इतके पोखरले तो इतक्या लवकर निवळेल यावर पूर्ण विश्वास बसत नाही.

याच संदर्भात ‘गुड विल हंटिंग’ (१९९७) या चित्रपटाचा उल्लेख नेहमी होतो. मानसोपचारतज्ज्ञ नायकाला एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकवतो आणि बांध फुटतो, तो प्रसंग अभिनयाने तोलला आहे यात शंका नाही. पण पाहणाऱ्याला त्यातून असे वाटण्याचा धोका आहे की, योग्य वाक्य सापडले की काम झाले. घरी प्रेम करणाऱ्यांना असे वाक्य बहुधा सापडत नाही.

आता ‘ला स्त्रादा’. फेदेरिको फेलिनीचा १९५४ सालचा हा चित्रपट दिवंगत पोप फ्रान्सिस यांचा अत्यंत आवडता होता. २०१३ सालच्या एका प्रदीर्घ मुलाखतीत त्यांनी तसे सांगितले होते आणि त्यात संत फ्रान्सिसचा अप्रत्यक्ष निर्देश आपल्याला दिसतो असेही म्हटले होते. जेल्सोमिना (जुलिएत्ता मासिना) ही समुद्रकाठच्या दरिद्री घरातली, थोडी भाबडी मुलगी. झांपानो (अँथनी क्विन) हा छातीने साखळी तोडून दाखविणारा भटका खेळिया तिला तिच्या आईकडून १०,००० लिरांना विकत घेतो. तिची थोरली बहीण याच माणसाबरोबर गेली आणि मरण पावली, हे आपल्याला आधीच कळलेले असते. तो तिला छडीने मारून ढोल वाजवायला शिकवतो, रात्री रस्त्यावर सोडून दुसऱ्या बाईबरोबर जातो. आपण कशाच्याही कामाच्या नाही, हे जेल्सोमिनाला मनोमन पटलेले आहे.

मग तो प्रसिद्ध प्रसंग येतो. तारेवर चालणारा विदूषक (रिचर्ड बेसहार्ट) तिला एक खडा उचलून दाखवतो आणि सांगतो की, या जगातल्या प्रत्येक गोष्टीचा काहीतरी उपयोग आहे, या खड्याचासुद्धा. तो निरर्थक असेल तर आकाशातल्या ताऱ्यांनाही अर्थ नाही. मासिनाचा चेहरा हळूहळू उजळतो. जगातल्या कितीतरी प्रवचनांत, एकांतसाधनांत हा खडा फिरला आहे आणि तो फिरावा इतका सुंदर प्रसंग आहे. परंतु आम्ही वाचकांना विनंती करू की, त्या प्रसंगानंतर चित्रपट बंद करू नये. कारण त्या खड्याचा जेल्सोमिना काय अर्थ लावते? विदूषकाने तिला हेही सुचविलेले असते की, तू त्याच्याजवळ राहिली नाहीस तर कोण राहील. सर्कशीतली माणसे तिला बरोबर न्यायला तयार आहेत. पुढे एका मठात रात्रीपुरता आसरा मिळतो, तेव्हा एक तरुण सिस्टर तिची घालमेल ओळखते आणि येथेच राहतेस का असे विचारते. जेल्सोमिना नाही म्हणते आणि जाताना रडते. तिला आता आपला ‘उपयोग’ सापडला आहे. तो उपयोग म्हणजे झांपानो.

झांपानो पुढे त्याच विदूषकाला मारहाण करतो आणि त्यात तो मरतो. जेल्सोमिनाचे मन मोडते. ती कामाची उरत नाही, तेव्हा तो तिला थंडीत झोपलेली सोडून निघून जातो. जाताना थोडे पैसे आणि तिचा लाडका कर्णा जवळ ठेवतो. वर्षांनी तिचे गाणे दुसऱ्या एका बाईच्या तोंडून त्याच्या कानी पडते आणि ती मरण पावल्याचे त्याला कळते. शेवटी तो समुद्रकाठी वाळूत कोसळून रडतो.

या रडण्याकडे बोट दाखवून, जेल्सोमिनाच्या दुःखसहनाने झांपानोचा उद्धार झाला असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हास हे वाचन अपुरे वाटते, आणि थोडे धोकादायकही. मार खाणाऱ्या बायकांना ‘सहन कर, तुझ्या प्रार्थनेने तो सुधारेल’ असे सांगणारी माणसे आपल्या धर्मग्रामांतही होती आणि आहेत. फेलिनी तसे सांगत नाही. तो झांपानोचे रडणे दाखवतो, पण त्यापूर्वी जेल्सोमिनाचे मरण सांगतो, आणि तेही एका परक्या बाईच्या तोंडून, कपडे वाळत घालता घालता. उपयोग आणि मोल यांतला फरक येथे रक्ताने लिहिला आहे. झांपानोही तिच्याकडे मागतच होता : ढोल, जेवण, देह. पण तो तिच्याकडे पाहत नव्हता. मार्टीने क्लाराला नाचायला बोलावले तेव्हा ती नाही म्हणू शकत होती. जेल्सोमिनाला तो अधिकार कोणी दिलाच नाही. ज्या मागण्याला नकार देता येत नाही ते मागणे माणसाला मोठे करीत नाही, वापरते. जॉर्ज बेलीचे दुखणे हेच, जेल्सोमिनाचेही हेच. एकाला गावाने वाचवले, दुसरीला वाचवायला सर्कस आणि मठ दोघेही तयार असूनही ती वाचली नाही, कारण तिच्या न्यूनगंडाला एका सुंदर दृष्टान्ताने कर्तव्याचे रूप दिले होते. या दृष्टीने पाहता हा चित्रपट कलेच्या विभागात आणि काप्राचा मूल्यांच्या विभागात का ठेवला गेला, असा प्रश्न आम्हास पडतो. मूल्यांचा कठीण पेपर फेलिनीनेच काढला आहे.

त्या मठातल्या सिस्टरकडे आम्ही पुनःपुन्हा वळतो. फार थोडा वेळ ती पडद्यावर आहे. आम्हीही एका मठात फार काळ राहत नाही, तू तुझ्या नवऱ्यामागे फिरतेस, मी माझ्या प्रभूमागे, असे ती हसत म्हणते. दोघींची बरोबरी करते. आणि तरीही निघायच्या वेळी जेल्सोमिनाच्या डोळ्यांकडे पाहून, राहतेस का, असे विचारते. आपण केलेल्या बरोबरीत काही बरोबर नाही हे तिला उमगले असावे. तिने जबरदस्ती केली नाही. एकदाच विचारले. दुसऱ्यांदा विचारले असते तर, असे मनात येत राहते.

हे चित्रपट पाहण्याविषयी एक व्यावहारिक सूचना. आज ते घरबसल्या मिळू शकतात, त्यामुळे घरातल्या त्या माणसाला समोर बसवून ‘हा तुझ्यासाठी लावलाय’ असे म्हणण्याचा मोह होईल. तसे करू नये. ते क्लाराला पाच डॉलर देऊन घरी पाठविण्यासारखे आहे. ‘ला स्त्रादा’ प्रेम करणाऱ्याने आधी एकट्याने पाहावा. ज्याचे मन फार खचलेले आहे त्याला तो एवढ्यात न दाखवलेला बरा. ‘स्पर्श’ त्यागाची सवय लागलेल्यांनी पाहावा. काप्राचा चित्रपट नाताळात साऱ्या कुटुंबाने. आणि ‘मार्टी’ दोघांनी मिळून, एखाद्या शनिवारी रात्री, पाहून झाल्यावर लगेच चर्चा न करता. चर्चा व्हायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतताना वाटेत आपोआप निघेल, आणि तेव्हा पहिले मत त्याला किंवा तिला विचारावे, आणि ते आपल्या मतापेक्षा वेगळे निघाले तर तसेच राहू द्यावे.